कट्ट्याच्या सड्यावरचं विमान

मालवणच्या बाजारात काशिनाथ नेरूरकरांचा फोटोचा स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, शाळेचे वर्ग, यापलीकडे त्यांचा कॅमेरा फारसा गेला नव्हता. म्हणून सत्तावन्न सालच्या चैत्रात भंगाराच्या ठेकेदाराचा मुकादम, भाई, दुकानात आला आणि "विमानाचे फोटो काढायचे आहेत," म्हणाला, तेव्हा त्यांना आधी ती थट्टाच वाटली.

विमान खरं होतं. लढाईच्या दिवसांत लष्कराने कट्ट्याजवळच्या सड्यावर, उघड्या कातळपठारावर, जांभा दगड सपाट करून धावपट्टी केली होती. लढाई संपली, माणसं गेली, दोन पंख्यांचं एक विमान तेवढं मागे राहिलं. आता सरकारने ते मोडीत काढलं होतं. तोडण्याआधी ते चारी बाजूंनी टिपून ठेवायचं होतं.

सकाळच्या एसटीने काशिनाथ कट्ट्याला उतरले. तिथून लवूने कॅमेऱ्याची पेटी डोक्यावर घेतली. लवू आणि त्याची बायको तुळसा सड्याखालच्याच वाडीतले. पंख कापायचं काम लवूला मिळालं होतं, आणि तो खुशीत होता.

घाटी चढून वर आल्यावर काशिनाथ थांबले. काळा कातळ, करपलेलं गवत, काजूच्या बोंडांचा आंबूस वास, आणि मधोमध ते. रंग उडालेला, काचा पिवळ्या पडलेल्या, तरी एवढं मोठं की आभाळ त्याच्या मागे लहान वाटत होतं. त्यांनी नकळत वहाणा काढल्या. कातळाचा चटका बसला तसे स्वतःशीच हसले. पण विमानाच्या पोटाखाली गेल्यावर पायाखालचा दगड गार लागला. पहाटेच्या विहिरीच्या काठासारखा गार.

तुळसा गुरं घेऊन आली होती. ती लांबच उभी राहिली.

"गुरां ह्याच्या सावळेत बसनत नाय," ती म्हणाली. "उन्हान जीव गेलो तरी नाय. आमच्या ह्यांका सांगा, हात लावू नकात म्हणान. तुमचा ऐकतले."

"अगो, यंत्र ता," काशिनाथ म्हणाले. "तेका काय जीव आसा?"

त्यांनी तिपाई लावली, काळं कापड डोक्यावर घेतलं. त्या जुन्या कॅमेऱ्यात मागच्या काचेवर सगळं उलटं दिसे. जमीन वर, आभाळ खाली. इतक्या वर्षांत त्यांना त्याची सवय झाली होती. त्यांनी चाकावर नजर जुळवली. चाक आणि कातळ यांच्यामध्ये बोटभर उजेड होता.

ते बाहेर आले. चाक कातळावर टेकलेलं होतं. पुन्हा कापडाखाली गेले. उजेड होताच.

मग ते विमानाजवळ गेले, गुडघ्यावर बसले आणि ते काळं कापड चाकाखाली सरकवलं. कापड कुठेही न अडता पलीकडून बाहेर आलं. त्यांनी ते झटकलं, घडी केली.

"काय झाला?" तुळसाने विचारलं.

"काय नाय."

पलीकडे उभ्या असलेल्या भाईला सांगावं असं त्यांच्या मनात आलं. पण काय सांगणार?

दुपारी लवू करवत घेऊन पंखावर चढला. "माणसासकट एक घ्या," भाई म्हणाला, "म्हणजे आकार कळेल." काशिनाथांनी पुन्हा कापड ओढलं.

काचेवर लवू उलटा उभा होता. करवतीची पहिली ओढ त्याने मारली.

विमान काचेच्या खालच्या कडेकडे सरकू लागलं.

उलट्या चित्रात खाली म्हणजे वर.

आवाज नव्हता. वारा नव्हता. चाकं दिसली, मग चाकंही गेली.

काचेवर नुसता कातळ उरला.

काशिनाथांनी कापड फेकून दिलं. विमान जागेवर होतं. लवू पंखावर उभा होता, आणि मान वर करून आभाळात कुणालातरी हात हलवत होता. भाई पाठमोरा बिडी पेटवत होता.

"लवू, खाली ये रे."

तो उतरला. त्याचे ओठ निळे पडले होते. चैत्राच्या त्या उन्हात त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

"काशिनाथानू," तो हळू म्हणाला, "दर्यातलो किल्लो वरसून तळहातावडो दिसता. आमच्या घराच्या छपराचे नळे दिसले. हो सडो दिसलो. सड्यार इमान व्हता, आणि तेच्या पाखार एक माणूस उभो व्हतो. माका हात करी व्हतो."

"कोण?"

लवू आपल्या हातांकडे बघत राहिला. मग करवत तिथेच टाकून तुळसाबरोबर घरी गेला.

भाईने बाहेरून माणसं आणली. विमानाचे तुकडे ट्रकांत भरून घाटावर गेले. काशिनाथांनी फोटो धुतले. सगळे स्वच्छ, चोख आले होते. तोडणं चालू असताना ते थांबवा म्हणायला ते दोनदा निघाले होते आणि दोनदा परत फिरले होते.

दिवाळीनंतर मात्र राहवेना, म्हणून ते सड्यावर गेले. जुनी धावपट्टी ट्रकांनी उखडून दगडांनी भरली होती. भर दुपारी लवू कातळावर बसला होता, तोंड आभाळाकडे.

"काय बघतंस रे?"

"अजून वर आसा."

"कोण?"

"मी," लवू शांतपणे म्हणाला. "उतरूक जागा गावना नाय."

थोड्या अंतरावर तुळसा वाकून दगड वेचत होती. टोपली भरली की कडेला नेऊन ओतत होती. तिच्या मागे कातळाचा एक लांब, सरळ पट्टा स्वच्छ झाला होता.