कन्सोलवरची चार मिनिटे

वेळ सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे. ठिकाण लातूरमधील एका खासगी रुग्णालयाचा दुसरा मजला. सभागृहात नीटची तयारी करणारी दोनशे मुले आणि शेवटच्या रांगेत आम्ही तीन पत्रकार.

पडद्यावर थेट दिसत होते शस्त्रक्रिया चालू असलेल्या केवळाबाईंचे हृदय. थांबवलेले. रक्त बाहेरच्या पंपावर फिरत होते. बरगड्यांमधल्या बोटाएवढ्या छिद्रांतून यंत्राचे दोन बारीक हात आत गेले होते. झडपेवर ज्वारीच्या दाण्याएवढी, शेवाळासारखी झुबकेदार गाठ. कॅन्सरची नव्हे, पण तुकडा सुटून मेंदूत गेला तर माणूस संपला.

पडद्याशेजारी काचेची खोली. तिथे डॉ. आलोक पंचाक्षरी कन्सोलच्या, म्हणजे यंत्र चालवायच्या मेजाच्या, चौकटीत डोके घालून बसले होते. त्यांची बोटे कड्यांत फिरत, तसे भिंतीपलीकडच्या ऑपरेशन थिएटरात यंत्राचे हात फिरत.

मी मात्र पडद्याकडे बघत नव्हतो. सकाळी केवळाबाईंची मुलगी तनुजा, अर्धापूरच्या शाळेतली शिक्षिका, मला जिन्यात गाठून म्हणाली होती, "दादा, आई यंत्राला तयारच नव्हती."

"का?"

"भूकंपात ढिगाऱ्याखाली होती ती. वरून ढिगारा उपसणारं यंत्र चाललं होतं. एका जवानानं ते थांबवलं, हात घातला, म्हणून वाचली. माणसाचा हात पायजे, म्हणते. डॉक्टरांनी शब्द दिला, ‘मावशी, यंत्र म्हणजे माझाच हात, मी डोकं काढलं की ते जागीच थांबतंय.’ मग मी सही केली." तिने माझा दंड धरला. "तुम्ही डॉक्टरांकडं बघा. ते उठले तर मला सांगा."

गाठ निघाली. टाळ्या झाल्या. अकरा बावन्नला एका मुलीने विचारले, "सर, झडपेला पानं दोन की तीन?"

पंचाक्षरी रविवारी एका क्लासमध्ये शिकवतात. इतकी वर्षे शिकवणाऱ्या माणसाला प्रश्न आला की हात खडूकडेच जातो. त्यांनी चौकटीतून डोके काढले. यंत्र थांबले. "बघा, थांबलं की नाही?" असे हसत म्हणत ते बाहेर आले आणि फळ्यावर झडप काढू लागले. हृदय थांबलेले टाकून फळ्यावर! मी चिडून उठलोच होतो. दोनशे वह्या उघडल्या. पेनांची खरखर, एसीची घरघर, कुठूनतरी येणारा स्पिरिटचा वास.

पडद्यावर डावा हात हलला.

सावकाश. त्याने झडपेचे पान उचलले, झोपलेल्या लेकराची पापणी उचलावी तसे. उजवा हात त्यामागे शिरला. मुले लिहीतच होती. त्यांना वाटले, असेच असते.

मी काचेकडे पाहिले. खुर्ची रिकामी होती. कडी मात्र फिरत होती… आपोआप, अगदी मोजकी.

"डॉक्टर," मी म्हणालो, "आत कोण आहे?"

"कुठे?"

"तुमच्या जागेवर."

ते वळले. धावले नाहीत. काचेच्या दारापाशी गेले आणि मुठीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. अकरा सत्तावन्नला कडी थांबली. मगच स्पीकरमधून ऑपरेशन थिएटरातल्या, देगलूरच्या सिस्टर रत्नम्मांचा आवाज आला.

"सर, दुसरी गाठ बी पिशवीत घेतली."

"दुसरी…?"

"पानामागची. तुम्हीच म्हणालात की, मागं बघू. लई हळू बोलून राहिलात, म्हणून मी दोनदा विचारलं."

ती चारही मिनिटे पंचाक्षरी आमच्यासमोर होते, आधी फळ्यापाशी, मग दारापाशी. ते आत गेले, बसले. झडप तपासली, बाकीचे काम पुरे केले.

केवळाबाई वाचल्या. पानामागची गाठ कुठल्याच तपासणीत दिसली नव्हती. ती राहिली असती तर केवळाबाईंनी महिनाही काढला नसता, हे पंचाक्षरींनीच मला सांगितले.

रुग्णालयाचे व्यवस्थापक हसून म्हणाले, "साहेब, पेशंट जेवून राहिली आहे. मग बातमी कशाची?"

"कुणी जगवलं, याची."

"यंत्रानं. लिहा की."

तनुजा वॉर्डाबाहेर उभी होती. डॉक्टर मधेच उठले होते, हे मी तिला सांगितले. ती रडली नाही. "आई विचारतेय, हात कुणाचा होता. काय सांगू, दादा?"

मी तीन अर्ज दिले, दोनदा भांडलो. शेवटी यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याने त्याची नोंद समोर ठेवली. अकरा त्रेपन्न ते सत्तावन्न चौकटीत डोके होते, असे ती म्हणते. बसणारा प्रत्येक सर्जन चौकट आपल्या उंचीला लावून घेतो. त्या चार मिनिटांपुरती ती पंचाक्षरींच्या मापाहून दीड वीत खाली घेतलेली आहे. त्या उंचीचे कुणी या रुग्णालयात कामाला नाही.