मामाने जुळवलेले ब्रेक

"मामा, दोन्ही चाकं एकदम उघडू नकोस! एक तसंच ठेव, म्हणजे त्यात बघून दुसरं लावता येईल!"

ताईने हे सकाळी आठलाच सांगितलं होतं. पण तेरा वर्षांच्या भाचीचं ऐकलं तर तो मामा कसला! "मी दोन व्हिडिओ बघितलेत," असं म्हणून त्याने गाडीचं मागचं धूड लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढवलं, दोन्ही ड्रम उपटले आणि आतले जुने ब्रेक शू भराभर काढून एका घमेल्यात ओतले. चारही एकत्र! कुठला कुठे होता, हे आता देवालाही सांगता आलं नसतं.

ब्रेक शू म्हणजे अर्ध्या चंद्रासारख्या लोखंडी पट्ट्या. त्यांच्या पाठीवर घासणारं लायनर असतं. ब्रेक दाबला की त्या फाकतात, ड्रमला आतून घट्ट धरतात आणि चाक थांबतं. नव्या खोक्यात अशा चार निघाल्या. दोन पट्ट्यांचं लायनर लांब, दोन पट्ट्यांचं आखूड.

मामा खूश झाला. हा माणूस कपाटातले मोजेसुद्धा रंगांप्रमाणे लावणारा. "लांबांची जोडी डावीकडे, आखुडांची उजवीकडे. कसं नीटनेटकं!"

"एका चाकात एक लांब आणि एक आखूड असेल तर?" ताईच्या धाकट्या भावाने, म्हणजे चष्मिसने विचारलं.

"तू एक चप्पल लांब, एक आखूड घालतोस का रे? मग गप्प बस आणि पाना दे!"

झालं! अकरा वाजता गाडी तयार. जेवणं झाली की सगळ्यांना घेऊन मामा डोंगरउतारावरून खाली नदीवर जाणार होता. सगळे म्हणजे मामी, आजोबा, ताई, चष्मिस आणि मामाची नऊ वर्षांची लेक चिमी. वाटेत सात वळणं, आणि प्रत्येक वळणाच्या पलीकडे दरी.

मामाने गाडी अंगणात मागेपुढे करून बघितली आणि हात धुवायला गेला. चिमी मात्र खडीवर उकिडवी बसली.

"ताई, इकडे ये. डावं चाक फरफटलंय, हा बघ चर. उजवं नुसतं गोल फिरत आलंय!"

खरंच की! मामाला दाखवलं तर तो टॉवेलने कान पुसत म्हणाला, "खडी काय सगळीकडे सारखी असते?"

"कसला माणूस आहे!" ताई चडफडली. "दरीत गेल्यावर दरी वाकडी होती म्हणेल!"

"पुरावा पाहिजे," चष्मिस म्हणाला. "पण जुने शू तर घमेल्यात... थांब! मामाने सकाळी फोटो टाकलाय ना नातेवाइकांच्या ग्रुपवर!"

टाकला होताच. न मिरवता काम करायचं, तर ते केलंच कशाला? मामीच्या फोनवर फोटो उघडला. मामाचे सगळे दात, उंचावलेला अंगठा आणि कानामागे नुकतंच उघडलेलं चाक. तिघांनी चित्र मोठं केलं. पुढचा शू आखूड लायनरचा. मागचा लांब!

"सापडलं!" चिमी ओरडली. "प्रत्येक चाकात एक-एक! बाबाने एका चाकाला सगळी ताकद दिली आणि दुसऱ्याला चुना लावला!"

फोटो बघून मामा काय म्हणाला? "सावली पडलीय." स्वतःच्या डोळ्यांनी बघूनही न बघायला मोठं माणूसच लागतं.

"आता याला वाद घालून उपयोग नाही," ताई हळूच म्हणाली. "याला मिरवू द्या."

ती गोड आवाजात मामाकडे गेली. "मामा, बाजूच्या मोकळ्या मैदानात तुझ्या ब्रेकचा व्हिडिओ काढू? सगळ्यांना कळू दे, गॅरेजवाल्यांच्या तोंडात मारलीस ती!"

मामाने केस विंचरले. शर्टसुद्धा बदलला!

मैदानात धूळ होती, समोर काहीच नव्हतं. मुलांनी चुन्याची रेघ मारली आणि मामी-आजोबांना घेऊन ती कट्ट्यावर, गाडीपासून लांब उभी राहिली. मामा ऐटीत आला, रेघेवर त्याने करकचून ब्रेक दाबला आणि गाडीचं बूड गर्रकन फिरलं! धुरळा बसला तेव्हा गाडी आडवी उभी होती आणि मामाचा भांग कपाळावर आला होता. मागे मातीत डावीकडे खोल चर. उजवीकडे टायरची नक्षी, जशीच्या तशी.

मामीने आधी चर बघितला, मग फोटो, मग नवरा.

"यात बसवून आम्हाला डोंगर उतरवणार होतास? बाबांना? पोरीला?"

"अगं, ती माती..."

"किल्ली दे."

मामीने गॅरेजवाल्या मावशींना बोलावलं. त्यांनी फोटो बघितला, मामाकडे बघितलं आणि बोलण्यात वेळ घालवला नाही. "हे कुणी पकडलं? तुम्ही तिघांनी? मग तुम्हीच लावा, मी बघते." या वेळी एकच चाक उघडलं. आखूड पुढे, लांब मागे, स्प्रिंगा जागेवर. मग दुसरं. शू फाकवून ड्रमजवळ आणणारं मधलं दातेरी चाक चिमीने एकेक दात फिरवलं. ड्रम हाताने फिरवताना हलकंसं खरखरलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, "बास! आता उजवंही एवढंच खरखरू दे." शेवटी मामीने मैदानात ब्रेक दाबून बघितला. दोन चर, सारखेच!

नदीवर जाताना मामी गाडी चालवत होती. मामा मागे, खाऊच्या डब्यांशेजारी. तिसऱ्या वळणावर अचानक समोर ट्रक आला. मामीने ब्रेक दाबला. गाडी सरळ, जागच्या जागी थांबली. ट्रक हातभर अंतरावरून निघून गेला. कठड्यापलीकडे खोल दरी दिसत होती.

मग मामाने घसा खाकरला. "तसं बघितलं तर सकाळी मी..."

"तू गप्प बस!" आजोबा गरजले. मग मागे वळून त्यांनी तिन्ही पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला. "शाब्बास रे. आज तुमच्यामुळे आपण सगळे आहोत."