हवा न लागलेली जागा

नाणी तिसऱ्यांदा दोन्ही चित पडली, म्हणजे खो आजींच्या मेलेल्या मुलाची अजून परवानगी नव्हती. डॉक्टर ल्यौ युनशान हातमोजे चढवून ताटकळत उभी होती. तैवानमधल्या ताइनानच्या त्या शवागारात घरच्यांनी नाणी टाकून मृताला विचारल्याशिवाय सुरी लावायची नाही, असा शिरस्ता. तिचं डोकं उठलं होतं.

चौथ्यांदा एक चित, एक पट. खो आजींनी नाणी उचलून मुठीत आवळली. "कापा आता. पण माझ्या पोराला त्या बयेनंच माशाच्या रश्शातून विष घातलंय."

ती बया, म्हणजे व्हिएतनामहून लग्न होऊन आलेली सून झिएम, दाराशी उभी होती. शेजारी सरकारी वकील षी. विष निघालं तर ती तुरुंगात जाणार आणि तिची तान्ही मुलगी आजींकडे.

कवटी उघडली आणि मेंदू हळूहळू हिरवा पडला.

"बघितलंत?" आजी म्हणाल्या.

"आजी, किती वेळा सांगू? रक्तदाब सावरायला दवाखान्यात निळं औषध दिलं होतं. ते अवयवांत मुरतं. हवा लागली की हिरवं दिसतं."

"शिकलेली माणसं काहीही सांगतात."

युनशान वैतागली. "या इकडे. हृदय काढते, तुमच्या डोळ्यांदेखत रंग बदलेल. षी साहेब, तुम्हीही या."

ताटलीतलं हृदय लालसर होतं. बघता बघता ते निळसर झालं, मग हिरवं. झिएमनं डोळे मिटून श्वास सोडला.

पाच पट्टे मात्र लालच राहिले. चार एका बाजूला, एक पलीकडून.

"तिथं हवा लागत नाही का?" षींनी विचारलं.

"न लागायला काय झालं? वर काही आहे का तिथं?" युनशान करवादली. तिनं पट्ट्यावर बोट टेकवलं. बोट केसभर वरच अडलं.

तिनं हात मागे घेतला. "विष नाही," ती घाईनं म्हणाली. "तसं लिहून देते. सुनेला घरी जाऊ द्या."

"थांबा. मी परत विचारते त्याला."

आजींनी नाणी टाकायला मूठ सैल केली. अंगठा उघडला.

पलीकडचा पट्टा हिरवा पडला.

मग तर्जनी. आणखी एक पट्टा.

नाणी फरशीवर घरंगळली. त्यांच्याकडे कुणीच बघितलं नाही.

"आई," झिएम हलकेच म्हणाली, "सोडा ना आता ह्यांना."

आजींनी मूठ पुन्हा आवळली. ताटलीत हृदय किंचित दबलं.