गुंड्याच्या पिंजऱ्यातला आवाज

तिसऱ्या दिवशीही गुंड्याने दूधभाकरीला तोंड लावलं नाही, तेव्हा हेमांगीचा धीर सुटला. बाहेरच्या खोलीच्या ज्या कोपऱ्यात त्याचा पिंजरा असायचा, तिथल्या रिकाम्या फरशीवर तो अंग मुडपून पडला होता. पिंजरा दुरुस्तीला गेला होता आणि हे कुत्रं त्याचं सुतक पाळत होतं.

पिंजरा काही साधासुधा नव्हता. गुंड्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावरून तो त्याची नाडी वाचायचा, जीव घाबरला की तळ कोमट करायचा आणि हेमांगीच्या आवाजात बोलायचा. घंटा वाजली की आत, बसलं की बिस्किट, गप्प राहिलं की शाबासकी. वर्षभरात गुंड्या इतका शहाणा झाला, की शेजारपाजारचे तोंडात बोटं घालत. 'रोज वीस मिनिटं मालकाने स्वतः शिकवावे' असं माहितीपुस्तिकेत ठळक छापलं होतं. पण हेमांगी आणि तिचा नवरा यशोधन दोघंही सकाळी आठला घर सोडणारी. ती वीस मिनिटंही त्यांनी खुशाल पिंजऱ्याच्याच गळ्यात मारली.

"गुंड्या, खा ना रे थोडं!" ती कशीबशी वाकली. सातव्या महिन्यात वाकणंही सोपं नव्हतं. गुंड्याने ओळखीच्या पाहुण्याकडे बघावं तसं तिच्याकडे पाहिलं आणि मान पुन्हा कोपऱ्याकडे वळवली.

पाणीही तो जेमतेम पीत होता. आजचा दिवस असाच गेला तर मूत्रपिंडांना धोका आहे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिने घाईघाईने दुरुस्तीवाल्या इरफान मुजावरला फोन लावला.

"ताई, सुटा भाग यायचाय. परवा मिळंल."

"परवापर्यंत हा जगायला नको का?"

"मग तुमीच बोला की त्याच्याशी. आवाज तुमचाच हाय."

"तीन दिवस तेच करतेय!"

इरफानने विचारलं, "ताई, पिंजरा बोलतो ते तुमी कधी ऐकलंय?"

तिने ऐकलं नव्हतं. पिंजरा बोलायचा तेव्हा ती कचेरीत असायची.

त्याने ध्वनिफीत पाठवली. "शहाणा माझा... बस... अस्सं." आवाज तिचा होता आणि तिचा नव्हताही. त्यात घाई नव्हती, दमणूक नव्हती, 'थांब रे जरा' नव्हतं.

"पयला नमुना तुमचाच," इरफान सांगत होता. "मग कुठल्या सुराला नाडी शांत व्हती, ते बघत यंत्रानं रोज थोडाथोडा बदलला."

हेमांगीला त्या आवाजाचा चक्क मत्सर वाटला आणि पाठोपाठ स्वतःची लाज. पिल्लू घरी आणलं त्या रविवारी ती जवळजवळ अशीच बोलली होती. नंतर कधी बोलली होती?

तिने फोन कानाशी धरला आणि फरशीवर बसकण मारली. दहा वेळा, पंधरा वेळा ऐकलं. मग फोन बंद करून, शिकवणीतल्या मुलीसारखी जपून म्हणाली, "शहाणा माझा... ये... अस्सं."

गुंड्याचे कान उभे राहिले. तो उठला, लटपटत आला, तिचं तोंड हुंगलं आणि तिच्या तळहातावरचा भाकरीचा तुकडा खाल्ला. मग दुसरा. हेमांगीला रडू आवरेना.

रोज तिच्याआधी घरी येणाऱ्या यशोधनला तो आवाज ओळखीचा वाटला; स्वयंपाकघरातून त्याने आनंदाने विचारलं, "अगं, पिंजरा आला का परत?"

तिने वर पाहिलं. समोर भिंतीशी पिंजऱ्याच्याच कंपनीचा पाळणा उभा होता. कालच आलेला, यशोधनने हौसेने जोडून ठेवलेला. त्याच्या पट्टीवर निळी अक्षरं उमटत होती: 'आईच्या आवाजाचा नमुना द्या. दोन मिनिटे पुरेत.'

तिने पोटावर हात ठेवला. उद्या हे पोर रडत उठेल, तेव्हा त्याची मान कोणाकडे वळेल?