नऊ चमचे दही-साखर

सरावाच्या दिवशी शर्वाणी वाघजाईचा घाट सायकलवर गाणं म्हणत चढायची. शर्यतीच्या दिवशी मात्र तिसऱ्याच वळणावर तिचे पाय लटपटायचे, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. असं दोनदा झालं. रविवारी राज्याच्या संघाची निवड होती. या वर्षीची ती शेवटची संधी.

"आबा, मी भित्री आहे का हो?" तिनं विचारलं.

मी तिचा आजोबा. चाळीस वर्षं जीवरसायन (सजीवांच्या शरीरातलं रसायनशास्त्र) शिकवलेला.

"भीती मला मोजता येत नाही," आमची यंत्रमानव टिपरी म्हणाली. "साखर येते. शर्यतीआधी काय खातेस?"

"काही नाही. फक्त दही-साखर."

"किती?"

शर्वाणी बोटं मोजू लागली. निघताना आई हातावर दही-साखर ठेवते, जिन्यात शकूमावशी, खाली देसाईकाकू... अख्ख्या इमारतीला तिच्या यशाची काळजी! नऊ चमचे झाले.

"आणि ग्लुकोजच्या पाण्याचा पेला आबांचा," टिपरी म्हणाली. "सगळ्यांत गोड."

माझे कान तापले.

गुरुवारी आम्ही प्रयोग केला. टिपरीनं शर्वाणीच्या दंडावर मोहरीएवढा संवेदक (रक्तातली साखर क्षणोक्षणी मोजणारं उपकरण) चिकटवला. नऊ चमचे आणि माझा पेला पोटात गेला. घाटाच्या पायथ्याशी पोचायला लागतो तेवढा पाऊण तास आम्ही थांबलो. टिपरीनं भिंतीवर दाखवलेली साखरेची सोनेरी रेघ डोंगरासारखी चढली आणि मग कलू लागली. शर्वाणीनं व्यायामाच्या सायकलवर पाय मारले मात्र, रेघ दरीत कोसळली.

"आबा, तेच काजवे!"

मी तिला घाईनं खाली बसवलं. रेघ पुन्हा वर येईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही.

"साखर खाऊन साखर कमी कशी झाली?"

"तुझ्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती असेल, सांग," मी विचारलं.

"वाटीभर?"

"एक छोटा चमचा."

ती आपल्या मनगटावरच्या निळ्या शिरेकडे बघतच राहिली.

"तो चमचा शरीर जन्मभर जपतं," मी म्हणालो. "ग्लुकोज झटकन रक्तात शिरलं, की इन्सुलिन (साखरेला पेशींची दारं उघडून देणारा पदार्थ) धावत येतं आणि साखर आत पाठवतं. ते काम ऐन भरात असताना तू घाट चढू लागतेस. मग स्नायूही साखर ओढतात. दोघांनी एकदम ओढल्यावर चमचा रिकामा होणारच. सगळ्यांनाच असं होत नाही. तुला होतं. आणि चूक माझी होती, पोरी."

"मग उपाशी जाऊ?"

"नको. दोन तास आधी थोडी भाकरी खा. तिच्यातला पिष्टमय पदार्थ (साखरेच्या कणांची लांब साखळी) सावकाश सुटतो. आणि गोड हवं तर चढताना, घोट घोट. तेव्हा शरीर इन्सुलिनचा हात आखडता घेतं."

"पण शकूमावशीला नाही कसं म्हणू? रुसेल ती."

"नाही म्हणूच नकोस. घाटात बोलव."

रविवारी दुसऱ्या वळणापासून वरपर्यंत आमची इमारत उभी होती. प्रत्येकाच्या हातात गोड ताकाची बाटली.

"घोटभरच गं! टिपरीनं दम दिलाय!" शकूमावशी ओरडली.

तिसरं वळण आलं. माझ्या हातातल्या पडद्यावर रेघ थरथरली. ती सावरली आणि शांत तळ्यासारखी सपाट पुढे गेली. वरून गाणं ऐकू आलं.

पाच जणींची निवड झाली. शर्वाणी चौथी.

"आबा," ती धापा टाकत म्हणाली, "मंगळावर तर याहून कितीतरी उंच डोंगर आहेत ना? तिथंही हा एक चमचा मला पुरेल?"

मला ठाऊक नव्हतं. तसं मी कबूल केलं. ती हसली आणि म्हणाली, "मग मोजून बघू."