उडत्या बोटीचं पुढचं दार

कवळीवाल्यांनी हातातला ट्रे वहिनींच्या टेबलावर इतक्या अलगद ठेवला, की भाऊजींना वाटलं, यात कुणाचे तरी दात असणार.

दात नव्हते. राखाडी रंगाचे तुकडे होते. काही बोटाएवढे, काही नखाएवढे, कडा काचेसारख्या धारदार.

"हा माझ्या विमानाचा उजवा पंख," कवळीवाले म्हणाले. "सव्वा वर्ष लागलं होतं. काल तासाभरात कुणीतरी मोडला." आणि चाळीस वर्षं लोकांना हसायला दात देणारा तो माणूस खुर्चीत बसून रडायला लागला.

वहिनींनी त्यांना रडू दिलं. वीस वर्षं त्यांनी एका विमा कंपनीसाठी मोडक्यातोडक्या मालाची तपासणी केली होती. निवृत्त झाल्यावरही लोक आपापली मोडतोड घेऊन त्यांच्याच दारी येत. भाऊजी त्यांचे धाकटे दीर, छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. वहिनींबरोबर वही घेऊन जायचं, हे त्यांनी आपणहून पत्करलेलं काम. छापलेली चूक त्यांना मैलावरून दिसे. माणसांच्या बाबतीत मात्र त्यांचा चष्मा नेहमीच धुरकट.

"पहिल्यापासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

पाण्यावर उतरणारं ते विमान, म्हणजे उडती बोट, शेहेचाळीस वर्षांपूर्वी याच बंदरात धुक्यात आदळून बुडालं होतं. नऊ माणसं गेली. त्यांत विमानाचा मिस्त्री होता, कवळीवाल्यांच्या बायकोचा बाप. वाचला तो एकटा रेडिओवाला, कवळीवाल्यांचा थोरला भाऊ. तेव्हापासून सगळं गाव त्यांना रेडिओकाका म्हणतं. गेली बारा वर्षं त्यांना डोळ्यांनी दिसत नाही.

"त्या विमानाची प्रतिकृती करतोय मी, संग्रहालयासाठी. कवळ्यांच्या साच्यात ओततात त्या रेझिनचा अनुभव होता ना. पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत दोन मीटर. शनिवारी दादाच्या हातून अनावरण आहे. आज बुधवार!"

"काल घरात कोण होतं?"

"बायको, दादा आणि काचेच्या पेटीचं माप घ्यायला आलेला सुतार. मी पावणेचारला पॉलिश पेपर आणायला गेलो, पाचला परत आलो."

वहिनी चपला घालत होत्याच.

*

कामाची खोली म्हणजे एका भल्यामोठ्या टेबलाभोवती उरलेली जागा होती. भिंतीवर साच्यांच्या रांगा, खिडकीत रेझिनचे डबे, आणि मधे ती उडती बोट. भाऊजी बघतच राहिले. बोटीची एक बाजू मुद्दाम उघडी ठेवली होती. आत करंगळीएवढ्या खुर्च्या, त्यांना शिवलेली खोळ, रेडिओच्या टेबलावर तांदळाएवढी बटणं. एका बाजूला पंख ऐटीत पसरलेला, दुसऱ्या बाजूला नुसता खुंट.

वहिनींनी ट्रेमधले तुकडे टेबलावर मांडायला घेतले. पाऊण तासात पंख पुरा जुळला. मग त्यांनी भिंग बोटीच्या नाकाकडे नेलं.

"इथं पुढं एक चौकोनी भोक आहे. ते असंच होतं?"

कवळीवाले वाकले. "छे! इथं दार होतं. बोट धक्क्याला बांधायला माणूस ज्यातून बाहेर येतो ते. पंखाच्या दुःखात माझं लक्षच गेलं नाही."

"त्याचा तुकडा ट्रेमध्ये नाही."

"कुठंतरी उडाला असेल. पोस्टाच्या तिकिटाएवढं तर दार. कालच नव्यानं बसवलं होतं. त्या विमानाच्या आराखड्याची मूळ प्रत काल दुपारी टपालानं आली. त्यात दाराला बाहेरूनही कडी दाखवली होती. माझ्या दाराला नव्हती. मग काढून, कडी लावून तीन वाजता परत चिकटवलं. सावकाश वाळणाऱ्या रेझिननं. ते सकाळपर्यंत ओलं असतं. मी स्वतः हातमोजे घालतो. एकदा बोटांवर वाळलं, की कातडीवर काच चढते, साबणानं निघत नाही."

"आणि पंखाचं रेझिन?"

"ते महिन्याभरापूर्वीच दगडासारखं झालंय."

भाऊजींनी वहीत लिहिलं: 'दार – उडालं.' आणि पुढच्या पानावर गेले.

*

कवळीवाल्यांची बायको स्वयंपाकघरात शिवणयंत्रापाशी होती. खुर्च्यांच्या खोळी तिनंच शिवल्या होत्या.

"वासानं डोकं उठायचं माझं," ती म्हणाली. "दोन वर्षं पाहुणा बोलावला नाही घरात. पण मोडेन कशी? आत माझे वडील बसलेत असं वाटायचं मला."

"काल काय ऐकू आलं?"

"काही नाही. यंत्र चालू होतं, आणि थोरल्या दिरांचा रेडिओ इतका मोठा लावलेला, की भिंती हादरत होत्या."

"नेहमी असाच लावतात?"

"नाही हो. त्यांचे कान फार तिखट. एरवी त्यांचा रेडिओ चालू आहे हे दारातूनही कळत नाही."

सुतार अंगणात पेटीची चौकट घासत होता. मापाला आलो, माप घेतलं, बाहेर आलो, असं म्हणाला. साडेचारच्या सुमारास, अंगणात असताना, 'कडाड्' असा आवाज ऐकला होता. मग आत का गेला नाहीत, असं भाऊजींनी जरा चढ्या आवाजात विचारलं, तर म्हणाला, "घर दुसऱ्याचं, साहेब. आवाज झाला म्हणून कुणी आत घुसतं का?"

बोलताना त्यानं पायानंच आपली पिशवी मागे सरकवली. भाऊजींनी ते बरोबर टिपलं.

रेडिओकाका बाजूच्या खोलीत ताठ बसले होते. पांढरा सदरा, दाढी गुळगुळीत, मनगटावर झाकण उघडून काटे चाचपता येतील असं घड्याळ. त्यांच्यापुढे भाऊजी नकळत अदबीनं उभे राहिले. शाळेत असताना या माणसाची गोष्ट त्यांनी धड्यासारखी ऐकली होती.

"मी नाकातल्या दारातून बाहेर पडलो," रेडिओकाका म्हणाले. किती वेळा सांगितलेली गोष्ट ती, शब्द घासून गुळगुळीत झालेले. "दोर टाकून बाकीच्यांना ओढावं म्हणून. तेवढ्यात लाटेनं दार लागलं. कडी फक्त आतून. नखं तुटेपर्यंत खेचलं. नाही उघडलं."

"प्रतिकृती तुम्ही रोज चाचपून बघता म्हणे?" वहिनींनी विचारलं.

"रोज चहाच्या आधी. खिळा न् खिळा पाठ आहे मला. काल मात्र राहिलं. धाकटा आला तेव्हा पंख मोडलेलाच होता."

त्यांनी घड्याळाचं झाकण उघडलं, काट्यांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग झाकण मिटून म्हणाले, "किती वाजले हो?"

भाऊजींनी वाकून त्यांचंच घड्याळ पाहिलं आणि आपलंही. दोन्ही एकच वेळ दाखवत होती. "सव्वाअकरा, काका." बिचाऱ्यांचं चित्त थाऱ्यावर नाही, त्यांना वाटलं. मन कळवळलं, आणि त्याच कळवळ्याच्या भरात ते तडक अंगणात गेले.

"पिशवी उघडा," ते सुताराला म्हणाले.

"कशाला?"

"उघडा म्हणतो ना!"

भाऊजींनी पिशवी उचलली आणि उलटी केली. रंधा, पटाशी, पेन्सिली घरंगळल्या, आणि शेवटी जुन्या फडक्यातून राखाडी रेझिनचा एक तुकडा फरशीवर पडला. आवाजानं कवळीवाले, त्यांची बायको, कुंपणापलीकडची शेजारीण, सगळे गोळा झाले.

"चोर!" भाऊजी ओरडले. "हे बघा, पुरावा!"

कवळीवाल्यांनी तुकडा उचलून उजेडात धरला. "हा पंखाखालचा तरंगता पाय आहे. बुडबुडे धरले म्हणून मी कचऱ्यात टाकला होता."

"मीच दिला त्यांना," त्यांची बायको म्हणाली. "फार आवडला म्हणाले."

सुताराचे कान लाल झाले होते. टाकाऊ वस्तू आपण आवडीनं मागून घेतली, हे चारचौघांत उघडं पडलं होतं. खाली बसून तो एकेक हत्यार गोळा करू लागला. भाऊजी मदतीला वाकले, तर त्यानं पटाशी त्यांच्या हातातून शांतपणे काढून घेतली. चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं भाऊजींना वाटलं. जमिनीला कुठं असली घाई असते?

*

वहिनींनी सगळ्यांना कामाच्या खोलीत बोलावलं. रेडिओकाकांना कवळीवाल्यांनी हात धरून आणलं. सुतार दाराबाहेरच थांबला, त्याला वहिनींनी स्वतः जाऊन खुर्चीवर बसवलं. भाऊजी कोपऱ्यात, वही मिटून.

"सगळे पंखासाठी हळहळताहेत," वहिनी म्हणाल्या. "मीही हळहळले. पण पंखाचा कण न् कण सापडला, आणि तिकिटाएवढं दार मात्र नाही. पंख कडकडून मोडला, त्याचे तुकडे तिथंच पडले. नाकावरचं दार पंखापासून हातभर लांब. ते आपोआप उडणार नाही. ते कुणीतरी काढून नेलंय. म्हणजे हवं होतं ते दार. पंख मोडला, तो दाराकडे लक्ष जाऊ नये म्हणून."

"दार कोणाला कशाला हवं?" कवळीवाले म्हणाले.

"जुनं दार महिनोन् महिने तिथं होतं, तेव्हा कुणाला नको होतं. कालच्या दारात नवं काय होतं? बाहेरची कडी. ती तीन वाजता लागली, पाचला दार नव्हतं. मधल्या वेळात ज्यानं दार उपटलं, त्याच्या बोटांना ओलं रेझिन लागणारच. पंखाचं लागणार नाही, ते दगड झालेलं. आता बोटं बघू. बाईंची बोटं सकाळपासून सुई चालवताहेत. सुतारांची हत्यारं गोळा करताना मी पाहिली, त्यांवर काच नाही. कवळीवाले हातमोजे घालतात."

वहिनींनी भिंग खाली ठेवलं.

"एका माणसाचं घड्याळ व्यवस्थित चालू आहे. बारा वर्षं तो ते बोटांनी वाचतो. आज दोनदा बोट फिरवून त्यानं वेळ भाऊजींना विचारली. घड्याळ बिघडलेलं नाही. बोटांवर काच चढली आहे. दिसत नसल्यामुळे ती किती आहे, हे त्याला कळलेलं नाही. तिखट कानांचा हा माणूस काल रेडिओ मोठ्यानं लावून बसला होता. खरं म्हणजे रेडिओ बसला होता, माणूस या खोलीत होता."

"दादा?" कवळीवाले म्हणाले. ते हसायला बघत होते.

रेडिओकाकांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि दार काढून टेबलावर ठेवलं. इवलीशी कडी वाकली होती.

"चहाच्या आधी आलो, रोजच्यासारखा," ते म्हणाले. आता गोष्टीतले गुळगुळीत शब्द नव्हते, एकेक शब्द अडखळत येत होता. "नाकाशी हात गेला. कडी लागली बोटांना. बाहेरची. शनिवारी सगळं गाव बघणार होतं."

"अरे, पण तुला एवढ्या वर्षांनी नीट आठवलं नसेल," धाकटा भाऊ म्हणाला. "मी तसंच धरून चाललो होतो."

"आठवतं. दुसरं काही आठवतच नाही." त्यांनी मान खाली घातली. "आतली कडी धडकेत वाकली होती. कसंबसं उघडून मी बाहेर आलो. दार लाटेनं नाही लागलं. मी लावलं. पाणी माझ्यामागून येतंय असं वाटलं. मग आतून ठोकायला लागले. बाहेरची कडी माझ्या हातात होती. मी धरून होतो. फिरवली नाही."

शिवणाऱ्या त्या बाईनं तीस वर्षं या माणसाला दोन वेळचं जेवण वाढलं होतं. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आवाज ओळखू येत होते?"

"हो."

"माझे वडील?"

"नाव घेऊन हाक मारत होते मला."

ती उठली आणि आत गेली. दार तिनं आपटलं नाही. थोड्या वेळानं ती परत उंबऱ्यात आली आणि नवऱ्याला म्हणाली, "ते दार पुन्हा करा. बाहेरची कडी लावूनच. शनिवारी काय बोलायचं ते यांचं यांनी ठरवावं." रेडिओकाकांकडे तिनं पाहिलं नाही.

*

शुक्रवारी भाऊजी सुताराच्या कारखान्यात गेले. रात्रभर घोकलेली वाक्यं होती, त्यात एकही चूक नव्हती. त्यांनी आजूबाजूला कुणी नाही हे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हटलं, "माझं चुकलं. मला माफ करा."

सुतारानं रंधा थांबवला. "साहेब, पिशवी चारचौघांत उलटी केलीत. माफी कानात मागता?"

भाऊजी तसेच घरी आले. जेवताना वहिनींनी वर पाहिलं आणि भाताचं भांडं पुढे सरकवलं.

शनिवारी संग्रहालय भरलं होतं. काचेच्या पेटीत उडती बोट दोन्ही पंख पसरून बसलेली. जोड कुठं आहे, हे करणाऱ्यालाच कळलं असतं. धाकट्या भावानं हात धरून रेडिओकाकांना पुढे आणलं. हारासाठी कुणी पुढे झालं, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. मग आठ-दहा वाक्यांत सगळं सांगितलं. लाटेचं नाव घेतलं नाही. शेवटच्या रांगेत बसलेल्या भावजयीनं ते सगळं मान वर करून ऐकलं.

टाळी पडली नाही. हा माणूस आता कसा उभा राहील, असं भाऊजींना वाटलं. पण तो उभाच होता.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि ती आपलीच आहे हे भाऊजींना जरा उशिरानं कळलं. घोकलेलं एकही वाक्य आठवेना.

"मलाही बोलायचंय," ते म्हणाले. माना वळल्या. तिसऱ्या रांगेत सुतार बसला होता, त्याच्याकडे त्यांनी बोट नाही केलं, हात जोडले. "बुधवारी मी या गृहस्थांना चोर म्हणालो. ते चोर नव्हते."