बाबांना दिलेला शब्द

माझी जोडीदारीण त्या दिवशी आली नाही, म्हणून धम्मानंद माझ्यासमोर येऊन बसला.

मेडिकलचं पहिलं वर्ष होतं. चारुशीला मॅडम इंग्रजीच्या तासाला व्याकरण कमीच शिकवायच्या. एकाला डॉक्टर करायच्या, दुसऱ्याला पेशंट, आणि दोघांना इंग्रजीत बोलायला लावायच्या. पेशंटला खरं कसं सांगायचं, संमती कशी घ्यायची, त्याचं गुपित कसं जपायचं...

"कुठे दुखतंय?" मी डॉक्टर होऊन इंग्रजीत विचारलं.

त्यानं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "मले इंग्रजीत नाही दुखत वं, दीपमाला. मराठीत सांगू?"

मी हसले — आणि तिथेच फसले.

पुढे मी त्याला इंग्रजी शिकवलं, त्यानं मला तर्री पोहे खायला. "डोळ्यात पाणी आलं तं चालते," तो म्हणायचा, "पण प्लेट सोडाची नाही." घरचे त्याला आनंद म्हणत, मीही म्हणू लागले. प्रेमाचं मात्र कुणीच तोंडातून काढलं नाही. पीजीची प्रवेश परीक्षा झाली की बोलू, असं डोळ्यांनीच ठरलं होतं.

इंटर्नशिपमध्ये तो खेड्यातल्या आरोग्य केंद्रावर गेला. मी नागपुरातच होते. एका सकाळी ओपीडीत त्याचे बाबा आले. रवींद्रकाका, हिंगण्याच्या कारखान्यात कामाला. खोकला हटत नव्हता. रिपोर्ट आला... फुप्फुसाचा कॅन्सर, यकृतापर्यंत पसरलेला.

"पोरी, आनंदले सांगू नको. दोन महिन्यांवर परीक्षा आहे त्याची."

"काका, तुम्हीच सांगा ना त्याला."

"परीक्षा झाली का सांगतो. शब्द दे मले."

मी दिला. नंतर तीनदा विनवलं. तीनदा त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"बाबाचा आवाज बसल्यासारखा वाटते," आनंद फोनवर म्हणाला.

"एकदा घरी येऊन जा ना..."

"परीक्षा झाली का येतोच."

परीक्षा संपली त्याच संध्याकाळी काकांनी त्याला सांगितलं. नवव्या दिवशी ते गेले.

महिन्याभरानं आनंद कॉलेजच्या पायऱ्यांवर भेटला. बारीक पाऊस भुरभुरत होता.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"काहून नाही सांगितलं?"

"काकांनी शब्द घेतला होता."

"तुझं चुकलं नाही. तुह्या जागी मी असतो तं मीपण नसतं सांगितलं. पण ते दोन महिने मी पुस्तकं वाचून राहिलो होतो वं... बाबाजवळ बसलो असतो."

मी त्याचा हात धरला. "आनंद, माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"माझंपण आहे." त्यानं हात सोडवला नाही. "पण तुह्याकडे पाहिलं का मले तेच दोन महिने दिसतात."

त्यानं पीजीसाठी पुण्याची सीट घेतली. जायच्या दिवशीही पाऊस होता; बस निघेपर्यंत तो माझ्यावर छत्री धरून उभा होता. मग ती माझ्याच हातात देऊन चढला. खिडकीतून त्यानं हात हलवला नाही... वळणापर्यंत नुसता माझ्याकडे बघत राहिला.